नवा तानपुरा बोलत नाही? जवारीला शेवटी हात लावा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गाणं शिकवतो. आसपासच्या खेड्यांतली भजनी मंडळं आणि संगीताच्या परीक्षा देणारी मुलं नवा तानपुरा घेतात आणि आठ-पंधरा दिवसांत तो उचलून माझ्याकडे आणतात. तक्रार ठरलेली असते. "मास्तर, याच्यापेक्षा मोबाइलातला तानपुरा चांगला वाजते. पैसे पान्यात गेले."

पैसे पाण्यात गेलेले नसतात. वाद्य बहुतेक वेळा चांगलं असतं, फक्त लागलेलं नसतं. मिरजेच्या हवेत घडलेलं लाकूड विदर्भाच्या हवेत आलेलं असतं, प्रवासात तारांखालचे दोरे गळून पडलेले असतात, खुंट्या अजून आपापल्या भोकांत बसलेल्या नसतात. यातलं बहुतेक सगळं घरी, खडू आणि सुती दोऱ्याच्या खर्चात दुरुस्त होतं. खरं नुकसान होतं ते घाईमुळे. आवाज आला नाही की कुणीतरी जाणकार म्हणतो, "जवारी खराब आहे", आणि कानस घेऊन घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती रुंद पट्टी, घासायला बसतो. जवारी म्हणजे त्या घोडीच्या माथ्याचा बारीक बाक, ज्यातून तानपुऱ्याचं गुंजन येतं. एकदा घासलेली घोडी परत भरून येत नाही. म्हणून खालच्या तपासण्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

लक्षणं

आधी आपल्या तानपुऱ्याचं दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा. दोन-तीन दुखणी एकत्रही असतात.

सूर लावला की पाच मिनिटांत उतरतो, किंवा सकाळी लावलेला दुपारी उतरलेला असतो.

खुंटी हात सोडताच कट् करून मागे फिरते. पावसाळ्यात याच्या उलट: खुंटी जागची हलतच नाही.

आवाज ठस्स येतो. तार छेडली की "टण्" होऊन लगेच विझते, मागे गुंजन राहत नाही.

तीन तारा छान बोलतात आणि एकच पत्र्यासारखी खरखरते.

आवाज बरा आहे, पण कुठूनतरी बारीक झणझण येते आणि ती तारेची वाटत नाही.

तार पुन्हा पुन्हा तुटते, आणि दर वेळी एकाच जागी.

तारा दांडीपासून दिवसेंदिवस उंच होत चालल्या आहेत, किंवा तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, घोडीखाली खचल्यासारखी दिसते. हे शेवटचं लक्षण दिसत असेल तर बाकी काही करू नका. चारही तारा सैल करा आणि थेट खाली "कारागिराकडे कधी जायचं" तिथे या.

पहिलं: छेडणारा हात

याला काहीच खर्च नाही, आणि कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. आपल्या भागात भजन म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी, टाळ आणि पेटी. तानपुरा हातात घेऊन वाढलेली माणसं खेड्यात कमीच. ज्यांनी गिटार हाताळली आहे ती मुलं तानपुराही तशीच वाजवतात: नखाने, घोडीजवळ, झटका देऊन. तसा वाजवला तर उत्तम तानपुराही कर्कश वाटतो.

पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. बोटाचा मांसल भाग तारेवर आडवा ठेवा आणि तारेवरून हळूच सरकवून सोडा. तार ओढून उचलू नका. छेडायची जागा तारेच्या मध्याच्या आसपास, घोडीपासून लांब. एक तार विझायच्या आत दुसरी छेडली गेली पाहिजे. असं दहा मिनिटं वाजवून पाहा आणि मगच ठरवा की दुखणं आहे की नाही.

दुसरं: तानपुरा कोणत्या पट्टीचा आहे

दुकानदाराला किंवा पाठवणाऱ्याला फोन करून एवढं एक विचारा. पुरुषांच्या आवाजाचा तानपुरा उंचीने पाच फुटांच्या आसपास असतो आणि पेटीवरच्या साधारण काळी १ च्या आगेमागे षड्ज लावायला बनवलेला असतो. बायकांचा आखूड असतो आणि पांढरी ५, काळी ४ च्या आसपास लागतो. मंडळात गाणारे सगळे पुरुष आणि स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला तानपुरा बायकांचा, असं पुष्कळदा होतं. मग काळी ४ च्या तारा काळी १ वर उतरवल्या जातात. तारा लोंबतात, घोडीवर नीट टेकत नाहीत आणि आवाज मेल्यासारखा येतो.

उलट केलं तर तारा तुटतात. काळी १ वरून काळी ४ म्हणजे सरळ पंचमाएवढी चढ, कंपनं दीडपट. तीच तार, तीच लांबी ठेवून कंपनं दीडपट करायची तर ताण सव्वादोनपट करावा लागतो. तार तो सोसत नाही. सोसलाच तर दांडी आणि तबली सोसत नाहीत.

पट्टी एक-दोन सुरांनी बदलायची असेल तर तारा बदलून भागतं. इथे लक्षात ठेवा, तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. ३० नंबरची तार साधारण ०.३१ मिलिमीटर जाडीची, ३२ नंबरची ०.२७ च्या जवळपास. पट्टी उतरवायची तर किंचित जाड तार, चढवायची तर बारीक. खर्जाची, म्हणजे शेवटची, खालच्या षड्जाची तार पितळेची किंवा काशाची, जाड. ती तुटली म्हणून तिथे पोलादी तार लावून भागवू नका, खर्ज घुमत नाही. सगळा संच बदलायला फार पैसे लागत नाहीत. जास्त अंतर असेल तर मात्र वाद्यच बदलून घ्या. त्यावर दुरुस्तीचा खर्च करू नका.

लावताना आधी जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा षड्जावर, मग खर्ज, मग पहिली तार पंचमावर. मोबाइलवरचं ट्यूनर चालतं, पण मंडळाची पेटी जुनी असेल तर ती ट्यूनरशी जुळेलच असं नाही. ज्या पेटीबरोबर गाणार तिलाच तानपुरा लावा. नाहीतर गाताना जो बेसूरपणा येतो त्याचा दोष तानपुऱ्यावर जातो.

तिसरं: थांबा, आणि कूलरपासून लांब ठेवा

तानपुरा आला त्याच दिवशी पूर्ण सुरात चढवू नका. खोक्यातून काढून खोलीत तसाच दोन-तीन दिवस राहू द्या. मग तारा रोज थोड्या थोड्या चढवा. नवी तार ताणली जाते, वेढे आवळतात, आणि तोवर सूर उतरणारच. त्यात बिघाड काहीच नाही.

दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची असते, खाली भोपळा. दोन्ही हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातात आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसतं, खुंट्या ढिल्या पडतात. वर उष्णतेने पोलादी तार लांबते आणि सूर उतरतो. मृग बरसला की सगळं उलटं: लाकूड फुगतं आणि खुंट्या अडकतात.

या दोन ऋतूंइतकाच त्रास घरातल्या डेझर्ट कूलरचा होतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. दुपारभर कूलरची ओली हवा, लाइट गेली की अर्ध्या तासात कोरडी भट्टी, पुन्हा लाइट आली की ओली हवा. लाकडाला दिवसातून तीन-चार वेळा पावसाळा आणि उन्हाळा सोसावा लागतो. नव्या वाद्याला हे फार बाधतं, कारण त्याचे सांधे अजून स्थिरावलेले नसतात. सूर टिकत नाही अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, तानपुरा ठेवता कुठे? कूलरसमोर, टिनाच्या शेडमध्ये, किंवा मंदिराच्या सभामंडपात पश्चिमेच्या उन्हात, अशी उत्तरं येतात.

जाड मातीच्या भिंतींची आतली खोली सगळ्यात चांगली. ती नसेल तर आतली कोणतीही खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, सुती खोळीत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाणं बंद असेल तर तारा एक-दीड सूर उतरवून ठेवा. कोरडेपणावर उपाय म्हणून भोपळ्यावर ओलं फडकं टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीच करू नका, सांधा सुटतो.

जागा बदलून आठ दिवस पाहा. सूर टिकायला लागला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

चौथं: खुंट्या

एक खडू लागतो, शाळेतला पांढरा.

एका वेळी एकच खुंटी काढा. चारही तारा एकदम पूर्ण सैल केल्या तर घोडी पडू शकते, कारण काही घोड्या सरसाने हलक्या चिकटवलेल्या असतात आणि काही नुसत्या तारांच्या दाबावर उभ्या असतात. एकच तार सैल करा, खुंटी फिरवत फिरवत बाहेर ओढा आणि उजेडात धरा. खुंटी निमुळती असते. तिच्यावर दोन चकचकीत वलयं दिसतील, जिथे ती भोकाला घासते तिथे. वलयं पूर्ण गोल असतील तर खुंटी नीट बसली आहे, फक्त गुळगुळीत झाली आहे. त्या वलयांवर खडू घासा, खुंटी परत घाला आणि आत दाबत दाबत फिरवा. खडूने घर्षण वाढतं आणि खुंटी धरते.

खुंटी अडकत असेल तर खडूआधी कोरड्या साबणाची वडी हलकेच फिरवा, मग खडू. तेल, मेण, ग्रीस यातलं काहीही लावू नका. तेल लाकडात मुरतं आणि मग ती खुंटी पुन्हा धरत नाही.

चकचकीत खूण वलयासारखी गोल न दिसता एकाच बाजूला ठिपक्यासारखी दिसली, किंवा खुंटी भोकात डुगडुगली, तर खडूने भागणार नाही. भोक किंवा खुंटी गोल राहिलेली नाही. तिथे कागदाची घडी कोंबणं, फेव्हिकॉल लावणं, हातोडीने ठोकणं हे सगळे उपाय नुकसानीचे. ठोकलेली खुंटी दांडी उभी चिरते, आणि चिरलेल्या दांडीचं काम खुंटी बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. खुंटी नव्याने बसवायला कारागीरच पाहिजे, पण ते लहान काम आहे.

तार परत गुंडाळताना वेढे शेजारी-शेजारी बसवा. एकमेकांवर चढलेले वेढे वाजवताना घसरतात आणि सूर अचानक उतरतो.

पाचवं: मणी

घोडी आणि तळाचं तारदान यांच्यामध्ये प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. बारीक सूर त्यानेच मिळवायचा: मणी तारदानाकडे सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. नव्या तानपुऱ्यात प्रवासामुळे मणी खाली जाऊन बसलेले असतात आणि मग चढवायला जागाच उरत नाही. मणी अंतराच्या मध्यावर आणा, खुंटीने जवळपासचा सूर घ्या आणि शेवटचा केसभर मण्याने भरा. एक मणी शेजारच्या मण्याला टेकत नाही ना, तेही बघा. ती झणझण पुष्कळदा तिथलीच असते.

सहावं: दोरा

ठस्स आवाजाची जवळजवळ सगळी दुखणी इथे सुटतात. म्हणून याला एक पूर्ण संध्याकाळ द्या, घरात शांतता असताना.

तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला पुढच्या कडेकडे उतरता, डोळ्याला न दिसणारा बाक असतो. तार त्या बाकावर एका जागी टेकत नाही. कंप पावताना ती घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि सोडते. त्या स्पर्शातून वरचे स्वयंभू स्वर उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर जे लिहिलं त्यात हीच गोष्ट नोंदली आहे: तार जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर नियमाने ऐकूच येऊ नये, तिथे छेडली तरी तानपुऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, आणि ही करामत घोडीची आहे. दोऱ्याचं काम एवढंच की तारेला घोडीवरून केसभर उचलून तो स्पर्श नेमक्या जागी आणायचा. दोरा नसेल किंवा चुकीच्या जागी असेल तर घोडी कितीही उत्तम असो, तानपुरा मुकाच राहणार.

दोरा साधा सुती, शिवणाचा. पॉलिस्टर नको, तो घसरतो. आधी चारही दोरे काढून टाका आणि दोऱ्याशिवाय सूर लावून घ्या. मग एकाच तारेपासून सुरुवात करा, जोडीच्या तारेपासून. बोटभर लांब दोरा तारेखालून घाला, दोन्ही टोकं हातात धरा, आणि तार छेडत छेडत दोरा घोडीच्या पुढच्या कडेकडून मण्यांच्या दिशेने सरकवत न्या. सावकाश, अर्धा मिलिमीटरसुद्धा फार झाला. सुरुवातीला आवाज बंद असेल, मग नाकातला होईल, आणि मग एका जागी तार उघडेल. षड्जाच्या मागून गंधार ऐकू यायला लागेल. ते ऐकल्यावर कुणाला विचारावं लागत नाही. जागा ओलांडली की आवाज पातळ आणि खरखरीत होतो. तसं झालं तर किंचित मागे या.

डोळ्यांनीही तपासता येतं. मोबाइलचा टॉर्च घोडीच्या एका बाजूने धरा आणि दुसऱ्या बाजूने डोळा घोडीच्या पातळीवर आणा. तार आणि घोडी यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक पाचर दिसते, अटीकडे (वर दांडीवर तारा जिथे टेकतात तिकडे) रुंद आणि दोऱ्याकडे निमुळती होत गेलेली. चारही तारांची पाचर साधारण सारखी दिसली पाहिजे. एखादीखाली उजेडाची फट सरळ आणि मोठी असेल तर तिथे दोरा जाड आहे किंवा फार पुढे आहे. उजेडच दिसत नसेल तर दोरा बसलेलाच नाही.

जाड दोऱ्याने तार उघडत नसेल तर त्याचे पेड सोडवून एक पेड कमी करा. दोरा बसला की सूर किंचित हलतो, तो मण्याने पुन्हा मिळवा. मग दुसरी जोडीची तार, मग पंचम, शेवटी खर्ज. खर्जाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कंटाळू नका.

एक गोष्ट मंडळातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पट्टी बदलली की दोऱ्याची जागाही बदलते. काळी १ वर उघडलेला दोरा पांढरी २ वर बंद पडतो. दुसऱ्या गायकासाठी पट्टी चढवली आणि तानपुरा एकदम "बिघडला", तर त्याचं कारण एवढंच असतं.

सातवं: एकाच जागी तुटणारी तार

तुटलेली तार फेकू नका, कुठे तुटली ते मोजा. वरच्या बाजूला तारा आधी अटीवर टेकतात आणि मग तारगहनाच्या भोकांतून खुंटीकडे जातात. नव्या वाद्यात भोकाची कड धारदार राहून जाते. दर वेळी तार तिथेच तुटत असेल तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक वळी करून ती भोकातून दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा. फक्त धार मोडायची आहे, भोक मोठं करायचं नाही. अटीवरच्या खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा, म्हणजे तार अडकत-सुटत चालणार नाही. खुंटी फिरवताना सूर टिचक्या मारत चढत असेल तर त्यालाही हाच उपाय.

तार खुंटीपाशी तुटत असेल तर गाठ आवळताना तिला मोड पडतो आहे. घोडीवर तुटत असेल तर घोडीला हात लावू नका. पुढे वाचा.

आठवं: झणझण कुठून येते

याला दोन माणसं लागतात. एकाने एकच तार छेडत राहायची, दुसऱ्याने बोटाच्या टोकाने एकेक जागा दाबत जायचं: मणी, तारदान, तबलीची कड, भोपळा आणि दांडीचा जोड, नक्षीच्या पट्ट्या, खुंट्यांची टोकं. जिथे बोट ठेवल्यावर झणझण थांबते तिथेच दुखणं. बहुतेक वेळा सेल्युलॉइडच्या नक्षीची पट्टी उचकटलेली सापडते. काडीच्या टोकाने फेव्हिकॉलचा एक थेंब, वर रात्रभर हलका दाब, झालं.

मग बोटाच्या पेराने भोपळ्यावर सगळीकडे टिचकी मारा. आवाज सगळीकडून एकसारखा पोकळ आला पाहिजे. एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखा आला तर तिथे चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी. तबलीच्या कडेला नख सरकवून पाहा. नख आत जात असेल तर सांधा सुटला आहे. चीर असो की सांधा, एमसील भरू नका. ते जड होतं, वाद्याची थरथर मारतं, आणि नंतर कारागिराला आधी ते खरवडून काढावं लागतं. तारा सैल करा आणि थांबा.

नववं: घोडी, फक्त डोळ्यांनी

इथे तपासायचं आहे, दुरुस्त काहीच करायचं नाही. घोडी प्रवासात सरकली आहे का? तिच्या मूळ जागेची फिकट खूण तबलीवर दिसते. त्या खुणेवर ती बसली आहे का, तारा दांडीच्या मधोमध जातात का, घोडीचे पाय तबलीला पूर्ण टेकले आहेत का, ते बघा. पायाखाली कागदाचा कपटा सरकत असेल तर पाय टेकलेला नाही. न चिकटवलेली घोडी सरकली असेल तर तारा सैल करून ती खुणेवर आणता येते, एवढं घरी करायला हरकत नाही.

मग माथा बघा. घोडी बहुतेक वेळा हाडाची असते, हल्ली पुष्कळदा कृत्रिम द्रव्याचीही. तारेखाली खोल चर पडलेले दिसले तर जवारी झिजली आहे. नव्या तानपुऱ्यात असं सहसा नसतं, पण "नवा" म्हणून विकलेला जुना असेल तर असतं. चर दिसत नाहीत, दोरा सगळ्या जागी फिरवून झाला, पट्टी बरोबर, तारा बरोबर, आणि तरीही चारपैकी एकही तार उघडत नाही, अशा वेळीच जवारीचा दोष मानायचा. एक तार उघडते आणि एक नाही, असं असेल तर पुन्हा दोऱ्याकडे आणि तारेच्या नंबरकडे जा.

कारागिराकडे कधी जायचं

जवारी काढायची असेल तर. दांडी वाकली, तबली खचली, भोपळा तडकला, दांडी खुंटीच्या भोकापाशी चिरली, किंवा भोपळा आणि दांडीचा जोड हलतो आहे, तर. खुंटी डुगडुगते, तर. यातलं एकही काम घरचं नाही. जवारी काढणारा माणूस घोडीवर कानस एकदा फिरवतो, तारा चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा फिरवतो. तो कानाने घासतो. म्हणून नुसती घोडी पोस्टाने पाठवून काम होत नाही, तानपुरा समोर लागतो. आणि पेटी दुरुस्त करणारा किंवा तबल्याला शाई भरणारा माणूस आपल्या कामात कितीही तरबेज असला तरी जवारी हे त्याचं काम नाही. नागपूर-अमरावतीला वाद्याच्या दुकानात देणार असाल तर स्पष्ट विचारा: जवारी इथे कोण काढतं, की तुम्ही पुढे पाठवता?

वाद्य मिरजेचं असेल तर ज्याने बनवलं त्याच्याकडेच नेणं उत्तम. तिथे पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. नवा तानपुरा पहिल्या वर्षभरात एकदा परत दाखवावा लागेल हे विकत घेतानाच ठरवून घ्या. बरेच कारागीर पहिली जवारी स्वतःहून करून देतात, पण विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

न्यायचा कसा? गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून थेट मिरजेला जाते. माणसाने सोबत नेलेला तानपुरा ट्रान्सपोर्टने पाठवलेल्यापेक्षा कितीतरी सुखरूप पोहोचतो. निघताना चारही तारा सैल करा, पण पूर्ण काढू नका. घोडीच्या दोन्ही बाजूंना आणि मण्यांखाली जुन्या धोतराची घडी ठेवा, दोरे काढून पाकिटात घाला. खोळीवर "काच" असं लिहिलं तरी हमाल उभा आपटतोच, म्हणून डब्यात तो वरच्या बर्थवर आडवा, भोपळा भिंतीकडे करून ठेवा. सोबत एका कागदावर लिहून द्या: कोणती पट्टी, कोण गातं, कोणत्या नंबरच्या तारा, कोणती तार उघडत नाही, आणि आतापर्यंत तुम्ही काय काय करून पाहिलं. गाणारा माणूस सोबत जाऊ शकला तर त्यालाच पाठवा. कारागीर त्याला षड्ज लावायला सांगेल आणि त्या आवाजावर जवारी काढेल.